श्वेतपेशी (गाईगुरांतील)

रक्तातल्या रंगहीन, केंद्रकयुक्त व रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी. निरोगी गाईच्या एक मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण ४,००० ते १२,००० असतात. माणसात आणि घोड्यात न्यूट्रोफिल प्रकारच्या श्वेतपेशी अधिक, गाईत मात्र लिम्फोसाइट प्रकाराचे बहुमत. शिवाय गाईच्या अस्थिमज्जेत न्यूट्रोफिलांचा राखीव साठा थोडा. त्यामुळे तीव्र दाहात सुरुवातीला त्यांचा आकडा चढण्याऐवजी उतरतो. असलेल्या पेशी दुखऱ्या जागी गेलेल्या असतात. म्हणून कमी आकडा दिसला तर निर्धास्त होऊ नये.

प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसून त्याभोवती पेशी गोळा होताना पाहिल्या. बैलाच्या खुरात बाभळीचा काटा मोडला की तेच घडते : रक्तवाहिन्या रुंदावतात, पेशी बाहेर झिरपतात, जागा सुजते, तापते, ठणकते. पू म्हणजे बहुतांशी मेलेले न्यूट्रोफिल.

दुभत्या जनावरात हे सर्वांत स्पष्ट दिसते ते कासदाहात. कास घट्ट होते म्हणून गोठ्यात याला ‘दगडी’ म्हणतात. निरोगी सडाच्या एक मिलिलिटर दुधात सहसा दोन लाखांपेक्षा कमी पेशी असतात. दगडीत त्या कितीतरी पट वाढतात आणि त्यांत न्यूट्रोफिलच बहुसंख्य असतात. सूज नसलेली सुप्त दगडी कॅलिफोर्निया चाचणीत उघडी पडते : द्रावणाने पेशी फुटतात, त्यांतील डीएनएमुळे दूध चिकट होते. विताना कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढून न्यूट्रोफिल मंदावतात, म्हणून व्याल्यानंतरचे दिवस धोक्याचे.

थायलेरियाचा डाव उलटा आहे. गोचिडातून आलेला हा परजीवी श्वेतपेशींतच शिरतो आणि त्यांना अमाप वाढायला लावतो. खांद्यापुढची लसिका ग्रंथी सुजते, ताप चढतो, पुढे रक्त पातळ पडते.  लाल कंधारी, देवणी अशा देशी गुरांत हा आजार सहसा सौम्य राहतो, संकरित गाई मात्र दगावतात. रक्ताच्या काचपट्टीवर काही दिसले नाही तर सुजलेल्या ग्रंथीतला द्रव तपासावा. पेशींत दडलेले या परजीवीचे निळे कण (‘कॉख कण’) तिथे सापडतात. ब्युपार्वाक्वोन हे औषध लवकर टोचले तर गुण येतो. प्रतिबंधक लस आहे, पण ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते.