गच्चीवरील अँटेना आणि मंडळाचा एक ठराव

आपल्या मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत 1978 सालचा एक ठराव आहे. चाळीच्या गच्चीवरील टेलिव्हिजनच्या अँटेना वाळवणाच्या जागेतून हलवाव्यात, एवढाच त्याचा मजकूर. तरुण सभासद भगिनींना तो वाचून हसू येते. त्यांनी गच्चीवर अँटेना पाहिलेली नाही, आणि वाळवणही क्वचितच. म्हणून त्यामागची हकीकत लिहून ठेवते.

दिल्लीस टेलिव्हिजन आले 1959 साली; आपल्या मुंबईत त्यासाठी 2 ऑक्टोबर 1972 उजाडावा लागला. वरळीस केंद्र निघाले, सुमारे 300 मीटरांचा मनोरा उभा राहिला, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुणेकरांनाही कार्यक्रम दिसू लागले. आम्हां गिरगावकरांना वरळी म्हणजे उत्तरेस पाच-सहा किलोमीटर. आमच्या चाळीत आधी एकच संच होता. ‘गजरा’ आणि ‘छायागीत’ पाहायला त्या एका खोलीत सारी चाळ लोटे. त्या घरच्या वहिनींना स्वतःच्याच घरात बसायला पाट मिळत नसे! पुढे एकेक करीत 1978 पर्यंत अकरा बिऱ्हाडांत संच आले, आणि गच्चीवर अकरा खांब उभे राहिले.

आमच्याकडे संच आला 1976 च्या दिवाळीत. सासूबाईंना जिना उतरवत नव्हता, तेव्हा त्यांच्यासाठीच तो घेतला. अँटेना आणायला लॅमिंग्टन रोडला मी गेले. दुकानदार पाच दांड्यांची अँटेना आणि वर बूस्टर घ्याच म्हणाला. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकले होते. ते फोडणीच्या धुरात गेले असे मला वाटे, पण त्या दिवशी उपयोगी पडले.

ह्या माशाच्या काट्यासारख्या दिसणाऱ्या अँटेनेचे जनक यागी आणि उदा हे दोन जपानी संशोधक. 1926 च्या सुमारास सेंदाई येथील विद्यापीठात त्यांनी ती सिद्ध केली. त्यांपैकी उदा पुढे 1955 ते 1958 दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत येऊन राहिले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तिची रचना साधी. मधली दुमडलेली दांडी लहर पकडते. तिची लांबी लहरीच्या निम्म्याने. मुंबईची लहर साडेचार मीटरांच्या आसपास होती, म्हणून ही दांडी सात-साडेसात फुटांची. मागची दांडी थोडी लांब, पुढच्या थोड्या आखूड. पुढे दांड्या जितक्या अधिक, तितका दूरचा क्षीण संदेश बरा मिळतो. परंतु वरळी हाकेच्या अंतरावर असताना आम्हांला दूरचे काय करायचे? मी तीन दांड्यांची अँटेना घेतली. दुकानदाराने तोंड वाकडे केले.

आमची खरी अडचण क्षीण चित्राची नव्हतीच. ती होती दुहेरी चित्राची. मलबार हिलकडच्या उंच इमारतींवर आपटून तीच लहर पुन्हा आमच्याकडे येई. दीडशे मीटरांचा वळसा घालून आलेली लहर अर्धा मायक्रोसेकंद उशिरा पोचते, आणि तेवढ्यात वीस इंची पडद्यावरचा ठिपका चार मिलिमीटर पुढे सरकलेला असतो. म्हणून बातम्या सांगणाऱ्या बाईंना उजवीकडे दुसरे नाक! बूस्टर लावला असता तर ते नाकही ठळक झाले असते. उपाय एकच, अँटेना फिरवणे आणि दोन-तीन फूट सरकवून पाहणे. मी गच्चीवर, मुलगी जिन्यात आणि सासूबाई पडद्यासमोर, अशी आमची साखळी होती. चपटी वायर नळाच्या पाइपाला बांधली होती, तीही सोडवून भिंतीपासून दूर नेली, तेव्हा चित्र स्वच्छ झाले.

आता ठरावाकडे येते. अकरा खांब म्हणजे त्यांना धरणाऱ्या तीसेक ताणाच्या तारा, गच्चीभर आडव्यातिडव्या. मंडळाचा पापडांचा उद्योग ह्याच गच्चीवर चाले आणि चार घरांचा संसार त्याला टेकलेला होता. त्या वैशाखात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पापडांचे सूप घेऊन जाताना तारेत अडकून पडल्या. मनगट मोडले. काकूंना दुसरा आधार नव्हता. त्या मोसमाची त्यांची सारी कमाई बुडाली.

मंडळाची सभा तापली. पुरुषमंडळींचे म्हणणे, वाळवणच हलवा; खांब हलले तर चित्र जाईल. मी म्हटले, खांब उत्तरेच्या कठड्याला लोखंडी पट्ट्यांनी आवळा, ताणाच्या तारा लागणारच नाहीत. परंतु दोन अँटेना अगदी शेजारी आल्या तर एकमेकींचे चित्र बिघडवतात, म्हणून मध्ये अंतर हवे. मोजून पाहिले तर जागा सहांचीच. मग पाच अँटेना दोन-दोन बिऱ्हाडांत वाटायच्या ठरल्या. संदेश जोरदार असल्यामुळे विभागणाऱ्या डबीतून निम्मा मिळाला तरी पुरणार होता. अडचण विजेची नव्हती, मनांची होती. दोन घरे तर वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती. वायर एक झाल्यावर निदान ‘तुमच्याकडे दिसतंय का हो?’ एवढे विचारणे त्यांना भाग पडले. दोन रविवारांत काम झाले. काकूंच्या औषधपाण्याचा खर्च अकरा घरांनी वाटून घेतला. तो आकडा वहीत आहे. त्यांचे मनगट मात्र पुरते सरळ झाले नाही. लाटणे त्यांनी सोडले आणि हिशेब पाहू लागल्या.

1990 नंतर केबल आली आणि अँटेना एकेक करून भंगारात गेल्या. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्यांचे सांधे केव्हाच पांढरे पडले होते. उत्तरेच्या कठड्यात सहांपैकी चार पट्ट्या अजून आहेत. गेल्या वैशाखात त्यांतल्या दोहोंना दोरी बांधून मी कुरडयांवर जुनी साडी धरली होती.