ओलं फडकं आणि लिबरेटर

आज आपल्याला बेंगळुरूला जायचंय, पण त्याआधी जुन्या फियाटचं बॉनेट उघडून बघू.

उन्हाळ्यात घाट चढताना फियाट किंवा ॲम्बॅसिडर मध्येच बंद पडायची. ड्रायव्हर खाली उतरायचा आणि इंजिनाजवळच्या छोट्या फ्यूएल पंपावर ओलं फडकं टाकायचा. थोड्या वेळानं गाडी सुरू! पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि त्या पंपाला वाफ पुढे ढकलता येत नाही. फडक्यानं तो निवला की पेट्रोल पुन्हा वाहू लागतं. टाकी गळली तर तिथे साबण घासायचा, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. इंजिनात कुठे खडखड होतेय ते शोधायला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. झाला मिस्त्रीचा स्टेथोस्कोप.

या युक्त्या आपल्याकडे इतक्या का रुजल्या? नुसती हुशारी हे अर्धंच उत्तर झालं. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा, सुटे भाग सहज मिळायचे नाहीत. मुळात गाड्या इथे बनायलाच उशीर झाला होता.

पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेले विश्वेश्वरय्या आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद 1930च्या दशकात मोटारींच्या कारखान्यासाठी झटत होते. म्हैसूर संस्थान उत्सुक होतं, पण ब्रिटिश सरकारनं पाठबळ दिलं नाही. मग युद्ध पेटलं, आणि डिसेंबर 1940 मध्ये वालचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीनं बेंगळुरूत विमानांचा कारखाना काढला. तोच हिंदुस्थान एअरक्राफ्ट, आजच्या एचएएलचा पूर्वज. मोटारींसाठी वालचंदांना 1944 साली मुंबईत प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढावी लागली. युद्धकाळात बेंगळुरूच्या कारखान्यात प्रामुख्यानं विमानांच्या दुरुस्तीचं काम चाललं, आणि त्यातून दुरुस्तीत तयार झालेले हात शहराला मिळाले.

त्या हातांची परीक्षा 1948 मध्ये झाली. युद्धानंतर कानपूरला चार इंजिनांची लिबरेटर बाँबर विमानं पडून होती. कराराप्रमाणे ती अमेरिकेला परत करायची किंवा निकामी करायची होती, म्हणून जाताना त्यांची मोडतोड केली गेली. इंजिनांत वाळू ओतली, सांगाडे ठोकून वाकवले. इकडे काश्मीरमध्ये लढाई सुरू झालेली, आणि आपल्या वायुदलाकडे जड बाँबर नव्हते.

बेंगळुरूच्या माणसांनी गॅरेजवाल्याची जुनीच रीत वापरली. एकाचे भाग काढायचे, दुसऱ्याला बसवायचे, चारांतून एक उभं करायचं. पण त्यांनी कामाचे दोन टप्पे पाडले, आणि आजच्या गोष्टीतलं महत्त्वाचं तेच आहे. कानपूरला विमान फक्त उडण्यापुरतं जुळवायचं. मग एचएएलचे वैमानिक जमशेद मुन्शी ते सुमारे दीड हजार किलोमीटरवरच्या बेंगळुरूला उडवत न्यायचे. तिथे सगळं खोलून, तपासून, नीट दुरुस्त केल्यावरच ते वायुदलाच्या ताब्यात जायचं. नोव्हेंबर 1948 मध्ये या विमानांवर पाच नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली. पुढे 1951 मध्ये पुण्यात सहा नंबरच्या स्क्वाड्रनलाही लिबरेटर मिळाले. भंगारात निघालेली ही विमानं 1968 पर्यंत आपल्या सेवेत होती!

आपण ‘जुगाड’ म्हणून कौतुक करतो ते बहुतेकदा पहिल्या टप्प्याचं, म्हणजे कानपूरहून निघण्याचं. दुसऱ्या टप्प्यात टाळ्या मिळत नाहीत. तिथे मोजमाप असतं, नोंदी असतात, आणि ‘हा भाग चालणार नाही’ असं म्हणण्याची हिंमत लागते. तो टप्पा गाळला असता तर मुन्शींनी आणलेली विमानं पुढच्या वैमानिकांच्या जिवावर उठली असती.

आजही बेंगळुरूच्या जेसी रोडवर आणि शिवाजीनगरच्या गल्ल्यांत गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरलेला दिसतो. तिथला जाणता मिस्त्रीही हेच सांगेल. ओल्या फडक्यावर गाडी घरापर्यंत न्या, दुसऱ्या दिवशी पंप उघडा. आणि ब्रेकच्या बाबतीत फडकं, तार, साबण काहीही चालवून घेऊ नका. युक्ती कुठवर पुरेल हे ज्याला कळतं, तोच खरा कारागीर.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.