अडिरोंडॅकमधील रानमुक्काम : झाडाच्या सालीपासून घटनेच्या कलमापर्यंत

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या ईशान्येस असलेला अडिरोंडॅक हा डोंगराळ प्रदेश सुमारे 60 लाख एकरांचा असून त्यात 3,000 हून अधिक लहानमोठी सरोवरे आहेत. या प्रदेशातील सरकारी अरण्यात आखून दिलेल्या तळांखेरीज इतरत्रही, काही अटी पाळून, कोणालाही तंबू ठोकून रात्र काढता येते. या मुभेकडे निसर्गाच्या आदिम ओढीचे फळ म्हणून पाहण्याची प्रथा असली, तरी तिचा इतिहास बराच रुक्ष आहे; तो करथकबाकी, कालव्याच्या पाण्याची चिंता आणि वृक्षतोडीवरील बंदी यांतून घडला. त्यातही विशेष असे की, ज्या बंदीमुळे हे अरण्य मुक्कामासाठी शिल्लक राहिले, त्याच बंदीने मुक्कामाची जुनी रीत बेकायदा ठरवली.

मोहॉक आणि अबेनाकी लोक या रानातून पिढ्यान्‌पिढ्या शिकारीसाठी फिरत होते, आणि गोऱ्या प्रवाशांना वाट दाखवणाऱ्यांतही लाँग लेक येथील मिचेल सबॅटिससारखे अबेनाकी होते. या प्रदेशातील सर्वोच्च अशा 5,344 फूट उंचीच्या मार्सी शिखरावरील पहिली नोंदलेली चढाई मात्र 1837 ची, म्हणजे आश्चर्य वाटावे इतकी उशिराची आहे. त्यानंतर दोन दशकांनी, 1858 मध्ये, चित्रकार विल्यम स्टिलमन याने राल्फ वाल्डो इमर्सन, निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी, कवी जेम्स रसेल लोवेल आदी मंडळींना फोलेन्सबी तळ्याकाठी मुक्कामाला नेले. हा मुक्काम पुढे ‘तत्त्वज्ञांचा तळ’ म्हणून प्रसिद्ध झाला; तो उभारण्याचे काम अर्थातच तत्त्वज्ञांनी नव्हे, तर वाटाड्यांनी केले.

त्या काळातील निवारा हा बहुतांशी जिवंत झाडांतून निर्माण होत असे. तीन बाजूंनी बंद, पुढून उघडे आणि मागे उतरते छप्पर असलेले हे खोपटे, ज्याला पुढे ‘लीन-टू’ हे नाव रूढ झाले, ओंडके व वासे रचून उभे केले जाई. छपरासाठी स्प्रूस वृक्षाची साल मोठ्या पट्ट्यांनी सोलून काढली जाई, आणि खोडाभोवतीची साल अशी निघाली की ते झाड वाळून मरे. आत बाल्सम फर वृक्षाच्या कोवळ्या डहाळ्यांचा जाड थर अंथरून बिछाना होई, तर उघड्या बाजूसमोर रात्रभर धुनी पेटती ठेवली जाई. मुक्काम करणारे मोजके होते तोवर रानाला हा खर्च जाणवला नाही.

तो जाणवण्याजोगा झाला 1869 नंतर. बॉस्टनच्या पार्क स्ट्रीट चर्चचे धर्मोपदेशक विल्यम मरे यांनी त्या वर्षी अडिरोंडॅकवरील पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याच उन्हाळ्यात शहरी लोकांची अशी झुंबड उडाली की, त्यांना ‘मरेचे मूर्ख’ हे नाव चिकटले. यांतील बहुतेकांना कुऱ्हाड धरता येत नव्हती. त्यामुळे वाटाड्या हाच त्यांचा वल्हेकरी, आचारी आणि गवंडी झाला. स्प्रूसच्या मुळांपासून घडवलेल्या बाकदार फासळ्यांवर पातळ फळ्या बसवलेली त्याची होडी इतकी हलकी असे की, एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना मधल्या पायवाटेवर, जिला तेथे ‘कॅरी’ म्हणतात, तो ती एकटाच खांद्यावर वाहून नेई. वाटाड्याविना आणि ओझ्याविना हिंडण्याचा पुरस्कार ‘नेसमक’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स याने केला. 1883 मध्ये त्याने अवघ्या साडेदहा पौंड वजनाच्या होडीतून या सरोवरांचा प्रवास केला आणि 1884 मध्ये ‘वूडक्राफ्ट’ हे पुस्तक लिहिले. आजच्या हलक्या सामानाच्या पंथाचा तो मूळपुरुष मानला जातो, पण त्याच्या हलकेपणाचे रहस्य हे होते की, तंबूचे खांब, बिछाना आणि जळण तो कुऱ्हाडीच्या जोरावर रानातूनच घेत असे.

दरम्यान लाकूड कंपन्या डोंगर उघडे करत होत्या, आणि तोड संपली की कर भरण्याऐवजी जमीन सोडून देत होत्या. थकबाकीपोटी ती राज्याकडे येई. उघड्या डोंगरांमुळे हडसन नदी आणि इरी कालव्याचे पाणी आटेल ही व्यापाऱ्यांची भीती सौंदर्यप्रेमापेक्षा अधिक परिणामकारक ठरली. 1885 च्या कायद्याने ‘वनराखीव’ निर्माण झाले, 1892 मध्ये उद्यानाची सीमा ठरली. तरीही 1893 मध्ये विधिमंडळाने लाकूडविक्रीची वाट पुन्हा मोकळी केली. तेव्हा 1894 च्या घटना परिषदेने हे रान कायमचे वन्य राहील आणि त्यातील लाकूड विकले, हलवले वा नष्ट केले जाणार नाही, असे कलम थेट राज्यघटनेतच घातले. ते किती कडक आहे, हे 1930 मध्ये दिसले : लेक प्लॅसिडच्या 1932 मधील हिवाळी ऑलिंपिकसाठी बर्फावरील घसरगाडीचा मार्ग करायला सुमारे 2,500 झाडे तोडण्याची योजना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली आणि मार्ग खासगी जमिनीवर न्यावा लागला.

असे कलम असताना प्रत्येक पांथस्थाने आपापली साल सोलणे चालणार नव्हते. तेव्हा वाटाड्याची जागा हळूहळू राज्याने घेतली. पायवाटांलगत ओंडक्यांचे कायमचे लीन-टू उभे राहिले. 1924 मध्ये पूर्ण झालेल्या नॉर्थव्हिल–प्लॅसिड या लांब पल्ल्याच्या वाटेवरही ते आहेत. मोटारींतून येणाऱ्यांसाठी रस्त्यालगत तळ आखले गेले, आणि काहींना तळ्याकाठी तंबूसाठी लाकडी चौथरे बांधण्याचे परवानेही मिळाले. हे चौथरे कालांतराने खासगी बंगल्यांसारखे वापरले जाऊ लागले, ही मात्र राज्याची उघड ढिलाई होती; 1972 च्या सरकारी जमिनींच्या आराखड्यानंतर ते हटवण्यात आले.

आजचे नियम त्या आराखड्याच्याच वळणाचे आहेत. रस्ता, पायवाट, झरा, ओढा किंवा तळे यांपासून 150 फुटांच्या आत, खुणेची चकती नसलेल्या जागी तंबू लावता येत नाही. एकाच जागी तीनहून अधिक रात्री राहायचे असल्यास किंवा गटात 10 वा अधिक माणसे असल्यास वनरक्षकाचा परवाना लागतो. जळणासाठी केवळ मेलेले, खाली पडलेले लाकूड वापरता येते. सर्वाधिक गर्दीच्या पूर्वेकडील उंच शिखरांच्या भागात तर शेकोटीलाच मनाई आहे, आणि 2005 पासून तेथे अस्वलांना उघडता न येणाऱ्या डब्यात अन्न ठेवणे बंधनकारक झाले आहे. या यादीकडे स्वातंत्र्याचा संकोच म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत, परंतु नेसमकचे स्वातंत्र्य मूठभरांना परवडणारे होते. लाखो माणसांच्या वाट्याला तळ्याकाठची रात्र यायची, तर कुऱ्हाड घरीच ठेवणे भाग होते.