घाटातला मागचा रेटा

कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला बँकर इंजिन लागतं, घाटभर मागून रेटा देतं आणि इगतपुरीला सुटं होऊन परत फिरतं. त्याच इगतपुरीत डोंगराच्या पायथ्याशी विपश्यना ध्यानाचं धम्मगिरी केंद्र आहे. ते आजवर कोणी चालवलं, असं विचारलं तर मी त्या इंजिनाकडे बोट दाखवेन.

या वाटचालीची सुरुवात ब्रह्मदेशात झाली. मंडालेत १९२४ साली जन्मलेले सत्यनारायण गोएंका हे यशस्वी व्यापारी. अर्धशिशीनं ते इतके बेजार झाले की दुखणं थांबवायला मॉर्फिन घ्यावं लागे. परदेशातल्या डॉक्टरांनीही हात टेकले. १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिबिराला बसले. हे गुरू म्हणजे सरकारी नोकरीतले अकाउंटंट जनरल, घरसंसार असलेले. त्यांच्याकडे चौदा वर्षं शिकून गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, ते आधी आईसाठी. तिचं मन आजारी होतं. मुंबईतल्या एका धर्मशाळेत पहिलं शिबिर झालं. मोजून १४ जण बसले होते, त्यांत आई-वडीलही होते.

पुढची काही वर्षं बिऱ्हाड पाठीवर होतं. जागा मिळेल तिथे शिबिर. १९७५ मध्ये जयपूरच्या कारागृहात शिबिर ठरलं, तेव्हा बेड्या घातलेले कैदी समोर आणले गेले. त्या काढल्याशिवाय शिकवणार नाही, असं गोएंकांनी सांगितलं आणि बेड्या निघाल्या. १९७६ पासून धम्मगिरीत शिबिरं सुरू झाली. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात एका वेळी हजारावर कैदी बसले, २००९ मध्ये मुंबईत गोराईचा विपश्यना पॅगोडा खुला झाला. गोएंका २०१३ मध्ये गेले. आज जगभरात दोनशेहून अधिक केंद्रं आहेत.

यातल्या कुठल्याच शिबिराला फी नाही. एक दहा दिवसांचं शिबिर पुरं केलेल्याकडूनच दान घेतात, आणि सेवाही त्यालाच देता येते. मला या संस्थेचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. पोळ्या लाटणाऱ्या, घंटा वाजवणाऱ्या, संडास घासणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, चौथ्या दिवशी गुडघे कसे पेटतात. घाटातलं ते मागचं इंजिन म्हणजे हीच माणसं.

मी एका लहान केंद्रावर पहिल्यांदा सेवेला गेले तेव्हा हे ठाऊक असूनही चुकले. पहाटे चारला घंटा घेऊन निघाले, तर धुक्यात पायरीवर एक मुलगी गुडघ्यांत डोकं घालून रडत होती. सहावा दिवस होता. मी शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला आणि बोलत सुटले: माझंही असंच झालं होतं, घरी जावंसं वाटत होतं, वगैरे. ती आणखी हुंदके देऊ लागली. शिबिरात पाळायचं तिचं मौन मी मोडलं होतं आणि तिच्या दुःखाच्या जागी माझं आणून ठेवलं होतं. नंतर सहायक आचार्य ताईंनी मला शांतपणे विचारलं, “तिला कशाची गरज होती, आणि तुम्हाला कशाची?” त्या दिवसापासून मी एवढंच करते: पाण्याचा पेला पुढे करते आणि आचार्यांना भेटायचं का, ते विचारते.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. विपश्यना म्हणजे मनोविकाराचा दवाखाना नव्हे, हे संस्था स्वतःच सांगते. प्रवेशअर्जात मानसिक आजाराबद्दल आणि चालू औषधांबद्दल विचारतात, ते त्यासाठीच. तरी काही घरं ती माहिती लपवतात, गोळ्या बंद करून पोराला इथे धाडतात. असा मुलगा मध्यरात्री येरझारा घालताना दिसला की पोटात तुटतं. त्याला आधी डॉक्टर हवा असतो आणि आपल्या हातात असतो पाण्याचा पेला.

माझ्या त्या पहिल्या सेवेच्या शिबिरात दहाव्या दिवशी मौन सुटलं. जेवणघरात एकदम चिवचिवाट झाला. पायरीवर रडणारी ती मुलगी ताट घासताना माझ्या शेजारी उभी राहिली, साबणाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि हसली. दोघीही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोल्या रिकाम्या झाल्या. आम्ही चादरी धुऊन वाळत घातल्या, गाद्यांना ऊन दाखवलं. तीन दिवसांवर पुढचं शिबिर होतं. व्यवस्थापकांच्या वहीत स्वयंपाकघरापुढे दोन जागा अजून कोऱ्याच होत्या.