डहाणूचा किल्ला

चिखले गावाच्या दक्षिणेस, डहाणू खाडीच्या उत्तर तीरावर उभा असलेला हा पोर्तुगीज अमदानीतील भुईकोट चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, 1739 साली, मराठ्यांच्या अंमलाखाली आला. पुढे तटाआड सरकारी कचेरी भरू लागली, आणि या राबत्यामुळेच, असे वाटते, ओसाड कोटांच्या वाट्याला येणारी संपूर्ण पडझड त्यास भोगावी लागली नाही. जीर्णोद्धाराचा प्रश्न मात्र नाजूक आहे. खाऱ्या वाऱ्यातील बुरुजांच्या सांध्यांत सिमेंट भरल्यास ओल आत कोंडते, क्षार दगडातच साचून त्याचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. उलट चुन्याचा भराव ओल बाहेर सोडतो आणि झीज स्वतः सोसून दगड राखतो. भेगांत रुजलेला पिंपळ उपटल्याने चिरे निखळतात; म्हणून त्याची मुळे प्रथम मारून मगच सांधे भरणे इष्ट.