लाडका खेळाडू एका रात्रीत दुसऱ्या टीममध्ये कसा जातो? एनबीएच्या ट्रेड आणि फ्री एजन्सीची गोष्ट

२ फेब्रुवारी २०२५. भारतात रविवारची सकाळ. शॅम्स चरानिया या पत्रकाराने एक्सवर पोस्ट टाकली की डॅलस मॅव्हरिक्सने लुका डॉन्चिचला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकलंय. वाचणाऱ्यांना आधी वाटलं, यांचं अकाउंट हॅक झालं. शेवटी बातमी खरी आहे हे चरानियांना पुन्हा सांगावं लागलं.

लोकांचा विश्वास न बसणं साहजिक होतं. डॉन्चिच फक्त २५ वर्षांचा, आदल्याच वर्षी डॅलसला फायनलमध्ये नेणारा. त्या शहरात लोकांनी त्याच्यासाठी जर्सी घेतल्या होत्या, सीझन तिकिटं काढली होती. आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

तुमच्या फीडवर दर उन्हाळ्यात 'हा इकडे येतोय, तो तिकडे चाललाय' अशा पोस्ट दिसत असतील, तर त्यामागची व्यवस्था काय ते बघू.

आधी दोन शब्द वेगळे करू

खेळाडूचा करार संपला की तो मोकळा होतो. मग त्याला हवी ती टीम तो निवडू शकतो, ही झाली फ्री एजन्सी. करार चालू असताना टीमने त्याला दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात खेळाडू किंवा पुढच्या ड्राफ्टमधले पिक घेणं, म्हणजे ट्रेड.

पहिल्यात खेळाडू ठरवतो. दुसऱ्यात मालक आणि जनरल मॅनेजर. आयपीएलमध्ये ट्रेडसाठी खेळाडूची संमती लागते, हार्दिक पांड्या २०२३ मध्ये गुजरातमधून मुंबईत आला तो तसाच. एनबीएत ती लागत नाही. 'नो-ट्रेड क्लॉज' असेल तर खेळाडू अडवू शकतो, पण तो क्लॉज मिळवायला लीगमध्ये किमान ८ वर्षं आणि त्यातली ४ त्याच टीमसोबत खेळलेली असावी लागतात. त्यामुळे तो मोजक्यांच्याच नशिबात असतो.

"आमचे दोन बेंचवाले घ्या, तुमचा स्टार द्या"

फॅन्सच्या वादातली सगळ्यात कॉमन पोस्ट हीच. आणि ती सहसा नियमातच बसत नाही.

एनबीएत सॅलरी कॅप असते, म्हणजे पगारावर एका टीमने किती खर्च करायचा याची मर्यादा. २०२५-२६ साठी ती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे. पण ही कॅप 'सॉफ्ट' आहे, तिला पळवाटा आहेत. सगळ्यात मोठी पळवाट म्हणजे 'बर्ड राइट्स'. बोस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नियमानुसार आपल्याच जुन्या खेळाडूला ठेवण्यासाठी कॅपच्या वर जाता येतं. म्हणून बहुतेक चांगल्या टीम कायम कॅपच्या वरच असतात.

वर गेलेल्या टीमला ट्रेड करायचा तर जाणारा आणि येणारा पगार जवळपास जुळावा लागतो. डॉन्चिचच्या बदल्यात डॅलसला मुख्यतः अँथनी डेव्हिस मिळाला, सोबत मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा पहिल्या फेरीतला पिक. डॉन्चिच आणि डेव्हिस दोघांचाही पगार त्या सीझनला सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलर होता. म्हणून हे गणित बसलं. डोकं ठिकाणावर होतं का, हा वेगळा प्रश्न.

२०२३ च्या करारानंतर यात 'सेकंड एप्रन' नावाची आणखी एक रेषा आली. २०२५-२६ साठी ती सुमारे २० कोटी ७८ लाख डॉलर. ती ओलांडली की दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक स्टार आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख पैसे देता येत नाहीत. बोस्टनने २०२४ मध्ये चॅम्पियनशिप जिंकली आणि पुढच्याच उन्हाळ्यात जरू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिसला सोडून दिलं, ते या रेषेच्या भीतीनेच. त्यामुळे 'मॅनेजमेंट झोपलंय का?' असं लिहिण्याआधी टीम कुठल्या रेषेवर उभी आहे ते बघा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

गद्दार कोण?

उरलेले निम्मे वाद मात्र गणिताचे नसतात.

२०१० मध्ये लेब्रॉन जेम्सने फ्री एजंट म्हणून क्लीव्हलँड सोडून मायामी निवडलं, तर लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या. २०१६ मध्ये केविन ड्युरँट गोल्डन स्टेटला गेला, तेव्हाही तेच. दोघांचेही करार संपलेले होते. उलट २०१८ मध्ये टोरँटोने डेमार डीरोझनला, ज्याला ते शहर सोडायचंच नव्हतं, कावाय लेनर्डसाठी सॅन अँटोनियोला पाठवलं. पुढच्या वर्षी टोरँटो जिंकलं आणि सगळे म्हणाले, 'हा बिझनेस आहे.' खेळाडू गेला तर गद्दारी आणि मालकाने पाठवलं तर बिझनेस, हे मला तरी पटत नाही.

डॅलसमध्ये मात्र उलटं झालं. तिथला राग थेट जनरल मॅनेजर निको हॅरिसनवर निघाला, त्यांना काढा अशा घोषणा स्टेडियममध्ये महिनोन् महिने घुमल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांना खरंच काढलं. डॉन्चिचचं नुकसान पैशांतही होतं: डॅलसमध्येच राहिला असता तर तो ५ वर्षांच्या सुमारे ३४.५ कोटी डॉलरच्या कराराला पात्र ठरला असता. ट्रेडमुळे ती पात्रताच गेली.

तोंडी शब्दाची किंमत

फ्री एजन्सी उघडल्यावर काही दिवस बोलणी चालतात, पण बहुतेक करारांवर सही करता येत नाही. २०१५ मध्ये डीआंद्रे जॉर्डनने डॅलसला तोंडी होकार दिला आणि मग त्याचं मन बदललं. त्याला अडवायला-मनवायला निघालेले खेळाडू ट्विटरवर विमान, गाडी असे इमोजी टाकत होते. पॉल पियर्सला इमोजी जमला नाही, त्याने रॉकेटचा चक्क फोटो टाकला. क्लिपर्सची मंडळी जॉर्डनच्या घरी ठाण मांडून बसली आणि मध्यरात्री सहीची मुभा मिळताच त्याने क्लिपर्ससोबतच करार केला.

मुंबईशी नातं

ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. याच दोन टीमनी फेब्रुवारी २०२२ मध्ये मोठा ट्रेड केला: किंग्जने टायरीस हॅलिबर्टन दिला आणि डोमँटस साबोनिस घेतला. पुढच्या वर्षी किंग्ज १६ वर्षांनी प्लेऑफमध्ये पोहोचले, तेव्हा सगळे खूश होते. २०२५ मध्ये हॅलिबर्टनने पेसर्सना फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं. सॅक्रामेंटोचे फॅन्स यावर आजही भांडतात.

तुम्हालाही भांडायचं असेल तर अलार्म लावा. फ्री एजन्सी अमेरिकेत ३० जूनला संध्याकाळी ६ वाजता उघडते, म्हणजे आपल्याकडे १ जुलैला पहाटे साडेतीन. आणि पोस्ट शेअर करण्याआधी अकाउंटच्या नावाचं स्पेलिंग तपासा, त्या रात्री बनावट 'शॅम्स' बरेच फिरत असतात.