मापो म्हणजे कोण?

परवा धाकट्या मुलाने आम्हा दोघांना पुण्यातल्या एका चिनी हॉटेलात नेले. "बाबा, हे गाडीवरचे शेजवान नव्हे, खरे सिचुआन आहे," असे त्याने आधीच बजावले होते. (शेजवान म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत, हे मला सत्तरी उलटल्यावर कळले. तेही जन्मभर भूगोल शिकवून!)

मागवले ते मापो तोफू. लालभडक तेलाच्या तवंगात सोयाबीनच्या पनीराचे पांढरे मऊ तुकडे. तिखटाची सवय आहे हो आपल्याला, पण हे वेगळेच. दोन घासांत ओठांना मुंग्या आल्या, जीभ बधिर झाली. सौ. म्हणाली, "अहो, यात तिरफळ आहे!" तिचे माहेर मालवणचे, बांगड्याच्या कालवणात तिरफळे टाकणारे. घरी येऊन शोधले, तर ती जवळजवळ बरोबर निघाली. सिचुआनी मिरे हे आपल्या तिरफळाचेच भावंड, एकाच कुळातले.

मिरची मात्र चीनची नव्हे. आपल्याकडच्यासारखीच ती तिकडेही अमेरिकेतून समुद्रमार्गे पोचली. 1591 सालच्या एका चिनी ग्रंथात तिचा उल्लेख आहे, तो लाल फळांच्या देखण्या झाडाचा. सिचुआनच्या स्वयंपाकघरात ती खरी रुळली 19 व्या शतकात. बाकला आणि लाल मिरच्या मिठात महिनोन्‌महिने मुरवून तिथे एक लाल चटणी करतात. ती या पदार्थाचा जीव.

आता त्या नावाविषयी. 1862 च्या सुमारास चेंगडू शहराच्या उत्तरेला, एका पुलाजवळ, चेन नावाच्या कुटुंबाची साधी खानावळ होती. गिऱ्हाईक म्हणजे तेलाचे बुधले वाहणारे हमाल. असे सांगतात की ते आपल्याजवळचे थोडे तेल काढून द्यायचे, शेजारच्या दुकानातून तोफू आणि मांस आणायचे, आणि चेनबाई ते शिजवून द्यायची. स्वस्त, गरम, घाम काढणारे जेवण. बाईच्या तोंडावर देवीचे वण होते. चिनी भाषेत वणांना जे अक्षर, तेच जिभेच्या बधिरपणालाही: 'मा'. 'पो' म्हणजे म्हातारी. मापो म्हणजे वणांची म्हातारी.

1909 साली चेंगडूची माहिती देणारे एक जाडजूड पुस्तक निघाले, त्यात शहरातल्या नामांकित पदार्थांत हा तोफू याच नावाने आहे. पुढे चेन केनमिन या सिचुआनी आचाऱ्याने 1958 साली तोक्योत हॉटेल काढले आणि तिखट जरा कमी करून जपान्यांना याची गोडी लावली. चेंगडूत या नावाची हॉटेले आजही आहेत. चेन हे सासरचे आडनाव, मापो हे तोंडावरचे वण. पाटीवर बाईचे स्वतःचे असे काहीच नाही. तिच्या समोर कुणी तिला मापो म्हणत असेल का? आणि ती काय करत असेल? ओ देत असेल, दुसरे काय!

हे वाचताना माझा हात थांबला. 1974-75 ची गोष्ट. (1975 सालीच आपल्या देशातून देवी गेली.) माझ्या वर्गात एकाच नावाच्या दोन मुली होत्या. एकीच्या गालांवर, कपाळावर वण. मुले तिला काय म्हणत ते मला ठाऊक होते, त्यासाठी एकदोघांना छड्याही दिल्या होत्या. आणि एके दिवशी तपासणीला साहेब आलेले असताना, घाईत, दोघी एकदम उभ्या राहिल्या म्हणून मीच म्हणालो, "तू नाही, ती देवीवाली."

कुणी हसले नाही. तिने उत्तर बरोबर दिले, सह्याद्रीतल्या घाटांची नावे क्रमाने सांगितली. साहेब खूश झाले.

परवापासून मी तिचे आडनाव आठवतो आहे. दुसरीचे चटकन आठवले.